नाकाविना सहलीला

१७ फेब्रुवारी, सोमवार
सर्दी गेली. जाताना नाक घेऊन गेली! चहाच्या कंपनीत एकवीस वर्षं चव घ्यायचं काम करते मी — आणि आज समोर पंचवीस वाट्या, सगळ्यांना गरम पाण्याची चव. कडू कळतं, गोड कळतं, वास शून्य. रंग बघून माल पास केला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं नाक म्हणजे कंपनीची तिजोरी." मी हसले. तिजोरीत काय उरलंय ते माझं मला माहीत.

२४ फेब्रुवारी
नाही आलं.

६ मार्च
नवी युक्ती काढली. सहाय्यक बाई आधी चाखते, मी तिच्या भुवया वाचते. वर गेल्या की पास. आज लक्षात आलं — ती माझ्या भुवया वाचतेय! म्हणजे चहा कुणीच चाखत नाहीये.

डॉक्टर म्हणतात, येईल. महिन्याने येईल, वर्षाने येईल. साहेबांना कळलं तर माझं टेबल चवखोलीतून थेट गोदामात, पाकिटं चिकटवायला. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. भीतीच वाटते.

१४ मार्च
नणंदेचा फोन. रविवारी सगळे मिळून द्राक्षमळ्यांकडे जायचंय, दिवसभर, वाईन चाखायला! तिच्या नवऱ्याने दोन महिन्यांचा ऑनलाइन वर्ग केलाय, तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात द्राक्षाचार्य म्हणते. मागून ओरडले, "वहिनी तर पाहिजेतच! खऱ्या जाणकार!" आमच्याकडचा नवरा लगेच, "हो हो, येतो." कशालाही हो. होयबा मेला!

१६ मार्च, रविवार
काय शांतता! रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलेलं, गाडीच वळसा घालून गेली. दोन्हीकडे वेलींच्या रांगा, शाळेत प्रार्थनेला उभं केल्यासारख्या. चाखायची खोली गार. लांब लाकडी टेबल, पेले, थुंकायला पत्र्याचं भांडं. मालकीण साठीची, हातांवर छाटणीचे ओरखडे, बोलणं मोजकं.

पहिला पेला. सवयीने मी चहाचा मारते तसा भुरका मारला — सुर्रर्र! सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मेले म्हटलं. तर द्राक्षाचार्य, "बघितलंत? हीच खरी पद्धत!" आणि टेबलाभोवती तिघेही सुर्र सुर्र.

दुसऱ्या पेल्याला काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, "जुन्या कपाटातली कोरी वही." द्राक्षाचार्यांनी डोळे मिटले. "वही! आणि तीही आखीव!" नणंदेला शिसपेन्सिल लागली.

तिसरी बाटली मालकिणीने आतून आणली. मी ठोकून दिलं, "हीच सगळ्यात भारी. काय खोली आहे!" द्राक्षाचार्यांनी घोट घेतला, माझ्याकडे बघितलं. मग, "काय खोली!" आमच्याकडच्याने तर पेला रिकामा करून दुसरा मागितला. याच्या जिभेला हाड नाही, मतही नाही!

निघताना मालकीण मला वेली दाखवायला म्हणून बाजूला घेऊन गेली. "तिसरी बाटली बिघडलेली होती. खराब बूच. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. नाकाने कांदे सोलणारे पाहुणे आले की मी मुद्दाम काढते."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मग ती हळूच म्हणाली, "तुमच्याबरोबरचे ते जाणकार तुम्हाला घाबरून बोलले, ते दिसलंच. तुम्हाला मात्र खरंच वास आला नाही. कधीपासून?"

रडूच फुटलं. परक्या बाईसमोर, भर दुपारी! चार आठवडे, म्हटलं. "मग घरी सांगा की," ती म्हणाली.

सांगणार कुणाला? बिघडलेली वाईन मागून पिणाऱ्याला?

१७ मार्च
नव्या चहामळ्याचा मोठा माल आला. भुवया वर. पास. साहेब खूश. मला घरी येईपर्यंत स्वतःची लाज वाटत राहिली.

२ एप्रिल
सकाळी तोंड धुताना — साबणाचा वास! खरा!

धावत स्वयंपाकघरात गेले. नवरा चहा पीत बसलेला. आमच्याच कंपनीचा, नव्या मालाचा. डब्याचं झाकण काढलं. ओला पुठ्ठा!

"हे रोज पितोस तू?"

"फक्कड आहे की."

"वास येत नाही तुला?"

"येतो." त्याने कप खाली ठेवला. "तुला येत नव्हता. फेब्रुवारीत करपलेलं दूध हसत हसत हातात दिलंस, तेव्हाच कळलं. म्हटलं, सांगशील तेव्हा सांगशील. आणि तो तिसरा पेला... सगळ्यांसमोर तू भारी म्हणालीस, मग मी काय म्हणणार होतो?"

साहेबांना फोन लावला. माल थांबवा म्हटलं. का, तेही सगळं सांगितलं. मग त्याचा कप मोरीत ओतला.