विरजण कुणाकडे ठेवायचं

९ फेब्रुवारी, सोमवार

मुग्धाने तिकीट पाठवलं. शुक्रवारची गाडी, हावडा ते पुणे, खालचा बर्थ. लेक गुणी आहे. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. परतीचं तिकीट नाही. फोन केला.

"अगं आई, आधी ये तर खरी. मग बघू."

बघू! ती लहानपणी खेळणं मागायची तेव्हा मी हेच म्हणायचे. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

दोन महिन्यांसाठी यायचं ठरलंय. पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. म्हणाली, "हो हो. आणि तुझं ते विरजण बरोबरच आण. इकडे लावू."

फोन ठेवला आणि मग डोक्यात शिरलं. दोन महिन्यांसाठी जाणारी बाई विरजण घेऊन जात नाही. बिऱ्हाड हलवणारी नेते.

१० फेब्रु., मंगळ

बँकेने ह्यांची कलकत्त्याला बदली केली तेव्हा सासूबाईंनी स्टीलच्या डबीत विरजण दिलं होतं. नागपूरहून इथपर्यंत मांडीवर धरून आणलं. एकतीस वर्षं मोडलं नाही. मी माहेरी गेले की हे लावायचे. कुरकुरत, पण लावायचे. हे गेल्यावर मी फार दिवस कुठे गेलेच नाही, त्यामुळे प्रश्न आला नाही.

मु. म्हणते, आणत नसशील तर फ्रीझरमध्ये टाक. तिलाच टाकते.

ठरलं. विरजण आमची ही सॉल्ट लेकची वसाहत सोडणार नाही. समोरच्या दारी, मीरादीकडे राहील. निवृत्त भूगोल शिक्षिका, एकटी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, दहा पट हट्टी. आज तालीम म्हणून वाटीभर दिलं. कोमट दूध, चमचाभर विरजण, झाकण. बास. तीनदा सांगितलं.

बॅग भरून झाली. बॅग तीन दिवस आधी आणि मत त्याच्याही आधी तयार हवं, ही कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांची शिकवण.

११ बुध

सकाळी मीरादी मातीचं भांडं घेऊन दारात. चेहऱ्यावर सुवर्णपदक. चाखलं. साखर!

"ये क्या है?"

"दोई. शैलादी, चीनी नहीं देगा तो आदमी खाएगा कैसे?"

मग माझा तोल गेला. डाळीत साखर, भाजीत साखर, चटणीत साखर, तुम्हा लोकांना जिभा कशाला दिल्यात? कॉन्व्हेंटचं वळण क्षणात धुळीला.

ती शांतपणे म्हणाली, "और आप लोग पूरनपोली में क्या देता है? निमक?"

पुरणपोळीचं नाव काढलं तशी मी आणखीच भडकले. दार लावून घेतलं. तिनेही लावलं, जरा जोरात.

दिवसभर फोन नाही. मीही केला नाही.

मु.ने खोल्यांचे फोटो मागितले. "असेच गं." न्हाणीघराची ओल, गीझरचा गंज, तुटकी जाळी, असे निवडून चार पाठवले. येऊ दे कोण भाडेकरू येतो तो.

१२ गुरु

शेवटचा दिवस, आणि काम एकही नाही. अंथरुणात लोळत चहा. गॅलरीत ऊन. नऊला बेल. मीरादी, कडक इस्त्रीची साडी, छत्री.

"चलिए."

"किधर?"

"हावड़ा. कल का रिहर्सल."

कालचा विषय दोघींनी काढला नाही. मेट्रोने गेलो. नदीखालून जाताना बाईंनी अख्ख्या डब्याला गाळाच्या थरांवर धडा दिला. एका पोराने कानातले इअरफोन काढून ऐकला. ह्यांनी ही मेट्रो पाहिली असती तर...

हावड्याला उतरलो, स्टेशनकडे पाठ करून लाँच पकडली. खालून गेलो, वरून आलो. फार मजा. बाबूघाटला मातीच्या कपातून चहा, दोनदा. झालमुरी, म्हणजे इथली भेळ. तिखट मागितलं तर मीरादीने मुरीवाल्याला सांगितलं, "ये दीदी गुस्सा खाता है, मिर्ची से कुछ नहीं होगा."

मग नदीकडे बघत, "मुग्धा मेरे को फोन किया था."

"कब?"

"पिछला हप्ता. पूछा, मासी, माँ उधर अकेली ठीक रहती है?"

"तुम क्या बोली?"

"बोला, एकदम नहीं. सबसे झगड़ा करती है. पूना जाएगी तो पूना से करेगी. इधर हम लोग को आदत है."

माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही.

संध्या. परतीचं तिकीट स्वतः काढलं. १० एप्रिल. मी यंत्र नाही हे तीनदा सिद्ध करावं लागलं. वेटिंग १४. मु.ला कळवलं नाही. गेल्यावर बघू.

मीरादीच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिच्याकडून दही लावून घेतलं. तिचा हात सारखा डब्याकडे जात होता. शेवटी साखरेचा डबाच उचलून घरी आणला. "चोर!" म्हणाली, पण हसत.

१३ शुक्र, सकाळ

गाडीवाला येतोय म्हणाला. पाच मिनिटं. म्हणजे वीस.

रिकामी डबी दोनदा हातात घेतली. पर्समध्ये सहज मावते. चमचाभर नेलं तर कुणाला कळणार? मला कळेल. धुऊन ओट्यावर पालथी घातली.

मीरादी दही घेऊन आली. प्रवासाला निघताना आपण हातावर दही देतो, त्यांच्यात कपाळाला लावतात. मी हात पुढे केला, तिने दोन्ही केलं. कपाळावरून नाकावर ओघळलं. "दुर्गा, दुर्गा," म्हणाली आणि घाईने खिडकी बंद करायला गेली. खिडकी बंदच होती.

दही चाखलं. घट्ट, सुरेख लागलेलं. आणि मागे कुठेतरी किंचित...

"मीरादी, चीनी?"

"माँ काली की कसम, एक दाना नहीं. डब्बा तो आपके पास है!"

खरं आहे. डबा माझ्याच फडताळात आहे, कुलपाआड.

पण फेब्रुवारी आहे. घरोघरी खजुराचा गूळ आलेला असतो. तो मला सुचलाच नाही.

खाली हॉर्न. वेटिंग ११.