रंग न धरणारं पोलाद

प्रिय ठकू,

पोचल्याचा फोन तू आईला केलास, तिने मला सांगितलं, तरी माझा जीव काही भांड्यात पडला नाही. गाडीला उशीर झाला का? स्टेशनवरून खोलीवर एकटीच गेलीस का? फोनवर विचारलं असतं तर “बाबा, पुरे” म्हणाली असतीस. कागद मध्येच तोडत नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा अर्ध्यावर सुटली, तिथेच अक्षरही राहिलं, लावून वाच.

जेवताना तू म्हणालीस की नव्या रायफलच्या ॲक्शनसाठी, नळीमागच्या त्या पेटीसाठी, निकेलचं पोलाद निवडलंय, आणि मी नुसतं “बरं” म्हणून हात धुवायला उठलो. आई नंतर म्हणाली, पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला राग नव्हता आला गं. डोळ्यांपुढे ते रंग आले. साध्या पोलादाचे भाग हाडांच्या कोळशात पुरून मी भट्टीत तापवायचो आणि पाण्यात सोडायचो. बाहेर निघाले की अंगावर निळे, जांभळे, पिवळट ढग. दोन तुकड्यांवर सारखे कधीच नाहीत. तू त्यांत प्राणी शोधायचीस. गिऱ्हाईक बंदूक हातात घेतं तेव्हा आधी ते ढग बघतं, नळी मागाहून. तू आणलेला नमुना मात्र तेलात थंड झालेला, राखेसारखा. जन्मभर ज्याला लोकांनी रंगवाला म्हटलं, त्याच्या लेकीने असं पोलाद आणावं, म्हणजे हलवायाच्या घरी मिठाचा सत्याग्रहच.

तेव्हापासून डोक्यात तोच भुंगा. ॲक्शनला वरून कडक कातडी हवी, म्हणजे काडतूस कोंडणारा बोल्ट आत सरकताना घासून झिजत नाही. आणि आतला गाभा चिवट हवा, म्हणजे धक्का सोसतो. तुझ्या आईसारखं. (मऊ म्हटलं नाही, ती वाचणार आहे.) साध्या पोलादाला कातडी छान येते, पण गाभा फार मऊ, तुझ्या निकेलवाल्यासारखा चिवट नाही. जुन्या काडतुसाला तेवढं पुरायचं. तुमचं नवं काडतूस भलतंच जोरकस. त्याच्या दणक्याने गाभा दबला की वरची कातडी तडकणार, बोल्टचे दोन कान खाचेत रुतणार, काडतुसामागे फट पडणार, आणि एक दिवस ते फुटून सगळी आग मागे येणार, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात. आणि आपल्या कारखान्याची रीत तुला माहीतच आहे: पोलाद ज्याने निवडलं, पहिला बार त्यानेच काढायचा, दस्त्याला गाल लावून. मी काढायचो त्या दिवशी आई माझ्याशी बोलायची नाही. तिला तेव्हा काय होत असेल ते मला आत्ता कळतंय. भट्टीवाल्यावर नजर ठेव, कातडी जाड झाली तर कानांचे टवके उडतात. तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

काल मालक आले होते. चहा अर्धा टाकला, म्हणाले, उस्ताद, आपली बंदूक रंगावर ओळखली जाते, जुन्या पोलादाने तुमच्या हातून कधी दगा दिला का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, एवढंच तिला लिहा. घरून परत आल्यापासून तीही डळमळलीय, तुमचं ऐकेल. लिहितो म्हणून मी शब्द दिला. माझ्या एका “बरं”ने तू डळमळलीस, हे ऐकून माझाही चहा अर्धाच राहिला. तर ऐक. जुन्या पोलादाने दगा दिला नाही, कारण आम्ही त्याच्याकडून एवढं कधी मागितलंच नव्हतं. तू मागणार आहेस. रंगांचं मला वाईट वाटेल, वाटू दे. ते माझं मी बघून घेईन. माझी भीड धरून पोलाद बदललंस तर मात्र मी तुझ्याशी बोलणार नाही. राखेसारखंच ठेव. मालकांनी विचारलं तर सांग, बाबांचं पत्र आलं, त्यांनी चांगलं समजावलं.

तुझाच,
भित्रा बाबा