पापड परत का येतात

चैत्र शु. ५, सोमवार

इंदे, ही वही तूच लिहायला सांगितलीस. पाडव्याला आलीस, जाताना दारात उभी राहून म्हणालीस, "आजी, रोज काय बदललं ते लिहून ठेव." पुण्याला पोचेपर्यंत विसरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीला घातलं. विसरायची परीक्षा असती तर तुझा पहिला नंबर.

सांगणार मी, लिहिणार तुझी आई, माझी सून सुशी. मला अक्षर येत नाही. तिला येतं, पण नको ते गाळते. गाळलं की कळतं मला, टाकाचा आवाज थांबतो.

आज हसनभाई आला. स्टँडसमोरच्या त्याच्या हॉटेलातून पोह्याच्या पापडांची निम्मी चवड परत. दोन वर्षं एक पापड परत आला नव्हता. शिमग्यापासून हे असं.

"आजीबाय, खपत नाय. अक्षय तृतीयेपर्यंत बघतो. मंग बिरवाडीच्या बाईचे घेईन. राग नको."

राग कसला. चहा पाजला.

हे काम गेलं तर तुझं पुण्याचं शिकणं गेलं. (टाक थांबला. लिही म्हटलं. लिहिलं.)

चैत्र शु. १२, सोमवार

तुझं कार्ड आलं. सुशीने वाचलं, "जी गोष्ट बदलते तिला चल म्हणतात. आजी, आधी चल…" मी उठून चपला घातल्या.

"आत्याबाय, कुठं निघालात?"

"तीच म्हणते ना, चल!"

उंबऱ्यावर बसून हसली बया. मग समजावलं. तिखट आपण हवं तसं कमीजास्त करतो, तो स्वतंत्र चल. त्याच्यामागे खप हलतो, तो अवलंबी चल. म्हणजे सुनेची मर्जी आणि सासूचं जेवण. एवढं काय त्यात.

दुसरा शब्द गृहीतक. एक अंदाज वाक्यात बांधायचा, पण खोटा ठरायला वाट ठेवायची. आमच्यात गृहीत धरतात ती फक्त सून, आणि तिला वाट ठेवत नाहीत. (हे मात्र फार झरझर लिहिलं.)

तुझं वाक्य: मुंबईच्या पाशिंजरांना तिखट सोसत नाही म्हणून पापड उरतात. मिरची निम्मी कर, बाकी काही हलवू नको. बरं.

चैत्र व. १, शुक्रवार

निम्म्या मिरचीचे सकाळी दिले. संध्याकाळी हसनभाईने रिकामी टोपली उलटी करून दाखवली. सगळे गेले! सुशी आळीत गूळ वाटून आली.

टोपलीला एक तुकडा चिकटला होता. हातात धरला. तुकडाच तळहाताएवढा.

"सुशे, हे एवढे मोठे का लाटलेस गो?"

"खपावे म्हणून."

"मिरची पण कमी, पापड पण मोठा. आता शाबासकी कुणाला देऊ?"

म्हणते, "दोघांना द्या."

इंदे, ही तुझी आई. एकाच दिवशी दोन सुना घरात आणल्या आणि भांडण लागलं, तर कुणामुळे ते देवाला तरी सांगता येईल का?

चैत्र व. ५, मंगळवार

जुन्या मापाचे, मिरची निम्मी. निम्मे परत. मिरची सुटली निर्दोष. आता मोठे करायचे, मिरची पुरी.

चैत्र व. ७, गुरुवार

काल मोठेही परत. मग शुक्रवारी काय झालं होतं? सुशी रडकुंडीला आली. "हसनभाईच खोटं बोलत असंल."

म्हटलं, हे पण गृहीतकच. पण ते त्याच्या पाठीमागे नको. जाऊन बसते.

बसले त्याच्या बाकावर सकाळपासून. गाडी आली, माणसं उतरली, ताटं मागितली. पापड मागितला की हसनभाई कढई ठेवणार, तेल तापणार, तोवर कंडक्टर बाहेरून, "चला, चला!" माणसं उठली, हातातला घास तोंडात कोंबत पळाली. हसनभाई तळलेला पापड धरून उभा. देवाला नैवेद्य दाखवावा तसा.

"रोज असंच?"

"शिमग्यापासून. घाटात रस्त्याचं काम हाय. गाड्या उशिरानं येतात, थांबत नायत."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी गाडीचं चाक बसलं. पाशिंजर दुपारभर इथंच."

दोन वर्षं आम्ही पापड देतोय, पण गाडी किती थांबते हे एकदाही विचारलं नाही. ते आम्ही गृहीत धरलं होतं. तुझा चल पापडात नाहीच, इंदे. तो दारात उभा राहून ओरडतो.

चैत्र व. १२, मंगळवार

माझं वाक्य: पापड आधीच तळून ताटात वाढले तर परत येणार नाहीत. सुशीने सुवाच्य लिहिलं.

हसनभाई तयार होईना. "मऊ पडला तर गिऱ्हाईक माझ्यावर ओरडंल." म्हटलं, आताही ओरडतातच, कंडक्टर तरी. हसला. केलं.

सकाळच्या गाडीला सगळे गेले. दुपारच्या गाडीला एका टोपीवाल्याने पापड उचलून वाकवला. मोडलाच नाही. वाकला नुसता, नव्या जावयासारखा. त्या खेपेचे ताटातच राहिले.

म्हणजे वाक्य अर्धं खरं. अर्धं खरं निघालं तर काय करायचं हे तुझ्या कार्डात नाही.

वैशाख शु. १, शनिवार

परवा तृतीया. हसनभाईला म्हटलं, काय ते सांग. म्हणाला, "दुपारपर्यंत कुडूमकुडूम राहील असा पापड द्या. पौर्णिमेपर्यंत थांबतो. त्याच्याफुडं…" पुरं बोलला नाही. भला माणूस.

सुशीने कोपऱ्यात तुझ्या ट्रंकेपुरती जागा मोकळी केली होती. मी तिथे टोपल्या मांडल्या. (लिही.)

आता दोघींची दोन वाक्यं. सुशीचं: यंदाचे पोहे ओलसर, म्हणून पापड मऊ पडतो. माझं: हसनभाई तळलेले पापड ठेवतो त्या डब्याचं झाकण ढिलं. तिने खाली सही केली, मी अंगठा. आधी तिचं तपासायचं ठरलं, टाक तिच्या हातात ना.

वही उद्या पुण्याला येणाऱ्या शेजारच्या गण्याबरोबर पाठवते. वाचून झाली की पोहे पाठव. जाडे, खडखडीत वाळलेले, मामाच्या ओळखीच्या दुकानातले, दोन पायल्या. कोकणात पुण्याहून पोहे मागवले म्हणून गाव हसेल. हसू दे. आणि पुडक्यात मायेने मसाला, पापडखार, काही कोंबू नकोस. नुसते पोहे.