समजूतदार दिवे

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ५ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रिका हिस महादेवप्पाचे अनेक आशीर्वाद.

कागदावरचं पत्र पाहून हसशील. पण तुझा फोन आला की अव्वा स्पीकर लावून शेजारी बसते, आईचं काळीज ते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

तुझ्या कंपनीचे दिवे आपल्या गल्लीत लागून महिना झाला. मी तीस वर्षं पालिकेत वायरमन होतो, कुणाचं चटकन कौतुक करत नाही. पण काजव्यांकडून शिकलेला दिवा पहिल्यांदाच पाहिला. कुणी नसलं की मिणमिणतो, माणूस आलं की उजळतो आणि पुढच्या खांबाला कळवतो. आज पौर्णिमा, तर चांदणं पाहून बेट्यांनी स्वतःच आवरतं घेतलंय. लिंबावर घुबडं परत आलीत. शेजारची शिवबाई तेवढी कुरकुरते, की दिवा हळूहळू लागतो, मग हात नेमके कवा जोडायचे?

आता मुद्दा. सोमवारी पहाटे अव्वाच्या उपासाला उंबऱ्यावर केळ्यांची फणी असायची. सात वर्षं एक सोमवार चुकला नाही. शिवबाईच ठेवते असं आम्ही धरून चाललो होतो. अव्वा तिला बदल्यात शेंगाचटणी द्यायची, आणि ती बाई मुकाट घ्यायची. दिवे लागले आणि केळी बंद झाली. अव्वाने विचारलं तर शिवबाई म्हणाली, मी कवा ठेवली गं, माज्या रानात नुसती ज्वारी हाय.

तेव्हापासून अव्वा धड जेवत नाही. तुझा दादा बसवेश घरातून गेला त्यालाही सातच वर्षं झाली. पोरी, तुझ्या दिव्यांना कळतं का, कोण आलं नि कोण गेलं?

उत्तर माझ्या नावानेच घाल.
तुझा अप्पा


पुणे, १२ नोव्हेंबर

ती. अप्पांस चंद्रिकाचा साष्टांग नमस्कार.

आमचे दिवे चेहरा पाहत नाहीत, फक्त हालचाल टिपतात. मी दिवे लागल्यापासूनची नोंद काढली. दर सोमवारी पहाटे साडेचारला मोठ्या रस्त्याकडून एक माणूस गल्लीत शिरतो. आपलं घर अकराव्या खांबाशी. तो तिसऱ्या खांबाशी येतो, समोरचा चौथा उजळतो आणि तो जागीच थांबतो. हालचाल थांबली की दिवे मंदावतात. तो पाऊल टाकतो, चौथा पुन्हा उजळतो. मग तो मागे फिरतो. सहाही सोमवार हेच.

मी ती नोंद बघून कचेरीतच रडले. दादा टेंभुर्णीला दुधाचा टँकर चालवतो एवढं कानावर आलं होतं, नंबर मात्र कुणाकडे नाही. उशिरा घरी येणाऱ्याला धीर वाटावा म्हणून मी चार वर्षं या दिव्यांमागे लागले, आणि त्यांनी माझ्याच दादाला परत पाठवलं.

पण तो उजेडाला का बिचकतो? तो गेला तेव्हा मी हॉस्टेलवर होते. तुम्ही त्याला काय बोललात, ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. आता तरी सांगा.

अव्वाच्या जेवणाकडे लक्ष द्या, आणि तुमच्याही.
तुमची चंद्रिका


सोलापूर, १६ नोव्हेंबर

चि. चंद्रिकास आशीर्वाद.

विचारलंस म्हणून लिहितो. जातीबाहेर, विणकरांच्या मुलीशी लग्न करून तो तिला घेऊन दारात उभा राहिला. पुन्हा या दारात तुझं तोंड दिसता कामा नये, असं मी म्हणालो. सून मान खाली घालून उभी होती. अव्वा आतून धावत आली तोवर दोघं गेली होती.

पोरगा माझ्याहून हट्टी. सात वर्षं दारात आला, पण तोंड दिसू दिलं नाही. आपल्या खांबाचा दिवा तेव्हा बंदच असायचा. त्याच दिव्यासाठी मी पालिकेत किती खेटे घातले! कुणी ऐकलं नाही ते बरंच झालं म्हणायचं.

साहेबांची परवानगी काढ, आणि २४ तारखेच्या सोमवारी पहाटे चार ते साडेपाच गल्ली काळोखी ठेव. त्याला मोठ्या रस्त्यावरही गाठता येईल. पण हाकललं या दारातून, तेव्हा बोलवायचं तेही इथूनच. अव्वाला सांगितलेलं नाही. तो आला नाही तर तिला सोसायचं नाही.

एवढं कर, मग काही मागणार नाही.
तुझा अप्पा


सोलापूर, २४ नोव्हेंबर

चि. चंद्रिकास अनेक आशीर्वाद.

तू शब्द पाळलास. चारला सगळी गल्ली विझली, मी उंबऱ्यावर बसून राहिलो. तो आला. फणी ठेवायला वाकला आणि त्याचा हात माझ्या पायाला लागला. केवढा दचकला! आठ दिवस मनात जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी फक्त बस म्हणालो, आणि तो बसला.

मग त्याने विचारलं, अव्वाचे गुडघे कसे हायती? त्याला पाच वर्षांची मुलगी आहे गं, सृष्टी नावाची. मी म्हणालो, पुढच्या सोमवारी दोघींना घेऊन दिवसाउजेडी ये. तर म्हणाला, तुमीच नगं म्हणला होता की. मी म्हणालो, चुकलो. टँकर रस्त्यावर उभा होता, तो उठला. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. अंधारात माझे पाय चाचपून पाया पडला आणि गेला.

मागे वळलो तर दाराआड अव्वा. सगळा वेळ तिथेच उभी होती. पुढे का आली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, मी आले असते तर तुमी चुकलो म्हणला नसता. मग खाली बसली आणि लहान पोरासारखी रडली. सारखी एवढंच म्हणत होती, आवाज माज्या लेकराचाच हाय, पण तोंड बगायचं राहिलं.

येत्या सोमवारी गल्ली काळोखी ठेवू नकोस, दिवे लाव.
अप्पा