न रडलेल्या मुलाचा आवाज

१२ नोव्हेंबर
आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांतच आहे, पण चूल पेटली आणि घर ऊबदार झालं. कालोयानला रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीवर नोकरी लागली, तिच्याबरोबर हे घर मिळालं. खाली दगडी, वर लाकडी, दोनच खोल्या, पण खिडकी उघडली की सगळी दरी आपली. आधी इथे राहणाऱ्या बाईने फळीवर तिखट मिरच्यांच्या चटणीच्या सहा बाटल्या तशाच सोडल्यात. एवढी चांगली चटणी कोण मागे ठेवून जातं?

शेजारच्या वेल्का आजी दार न वाजवताच आत आल्या, हातात चीज भरलेली गरम बनित्सा. गावातलं प्रसूतिगृह बंद पडेपर्यंत त्या तिथे सुईण होत्या. कालोयानचं काम ऐकून म्हणाल्या, "म्हणजे हा रस्ते मोकळे करणार. मीही चाळीस वर्षं तेच केलं!" माझा नवरा कानापर्यंत लाल झाला. मग माझ्या पोटाकडे बघून त्यांनी विचारलं, कितवा? म्हटलं, सातवा सरला. पहिलंच का? मी हो म्हणाले.

खोटं बोलले. पण दिवस छान गेला.

१९ नोव्हेंबर
आज वेल्का आजींना खरं काय ते सांगितलं. बटाटे सोलता सोलता, सगळं, पहिल्यांदाच. कालोयानलासुद्धा एवढं सांगितलेलं नाही.

तीन वर्षं झाली. मोठं शहर, मोठं इस्पितळ. चौदा तास मी भिंतीकडे तोंड करून एकटी. डॉक्टरीणबाई दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा एकच बोलल्या: ओरडू नकोस, नवऱ्याजवळ निजलीस तेव्हा नाही ओरडलीस. बरोबरच्या नर्स हसल्या. शेवटी एका डॉक्टरने कोपर रोवून पोट दाबलं. माझी बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाळाचा नाही ऐकला. मुलगा होता. टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. टॉवेलाबाहेर राहिलेली एक टाच तेवढी मला दिसली.

आजींनी हळहळ केली नाही, बरं वाटलं. आता काय ठरवलंयस, म्हणाल्या. सांगितलं, १४ जानेवारीला खालच्या शहरात पोट उघडून बाळ काढणार आहेत, पूर्ण भूल देऊन. मला काही म्हणजे काही कळायला नको.

"तसं तर तसं," त्या म्हणाल्या. "पण पोरी, बाळाला तारीख वाचता येत नाही. वाटेतच कळा आल्या तर काय करायचं, तेवढं शिकून ठेव."

मी विषय बदलला. कळा हा शब्दसुद्धा मला ऐकायचा नव्हता.

२७ नोव्हेंबर
दुपारी चारला दरीतून धुकं वर आलं. मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. लाकडांच्या खोपटामागून बाळ रडायचा आवाज आला. अगदी नुकतं जन्मलेलं, दम लागलेलं. मी धावले. खोपटामागे कोणी नव्हतं. आवाज छपरावर गेला, मग प्लमच्या झाडावर.

घरात आले तर झग्याचा पुढचा भाग भिजलेला. दूध. इतक्या लवकर? त्यात गुलाबी रेषा होती.

कालोयानला सांगितलं. तो म्हणाला, कोल्हा असेल.

३ डिसेंबर
रोज चार वाजता. रोज थोडं जवळ.

आज खिडकीच्या कठड्यावर दव गोठलं होतं आणि त्यात एक ठसा होता. फक्त टाचेचा. माझ्या अंगठ्याहून थोडा मोठा.

आजींना दाखवला. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, जुन्या बायका याला नावी म्हणायच्या. नाव न ठेवता गेलेली मुलं पिसं नसलेले पक्षी होऊन आईला शोधतात आणि पोटुशीचं रक्त पितात, असं म्हणायच्या. चारनंतर खिडकी लावायची, धुणं आत घ्यायचं, मनगटाला लाल दोरा बांधायचा. आधीच्या बाईलाही दिवस गेले होते. ती एका सकाळी चपला न घालता निघून गेली.

मी विचारलं, तुमचा विश्वास आहे? त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं नव्हता.

१० डिसेंबर
मी अंगणात जात नाही. खिडक्यांना चादरी खिळवल्यात. ते रडायला लागलं की पोटातलं बाळ हालायचं थांबतं. थांबतंच. मी मोजते. आज सव्वाशेपर्यंत मोजलं.

तो माझा असेल तर? तो भुकेला असेल आणि मी दार लावून बसलेय.

कालोयान आज लवकर आला. त्यालाही ऐकू आलं. हातातली लाकडं खाली पडली त्याच्या. म्हणाला, येलित्सा, चल, आत्ताच्या आत्ता निघू.

११ डिसेंबर
नाही निघालो. मीच नको म्हटलं. तीन वर्षांत तीन घरं बदलली. प्रत्येक घरात मी भिंतीकडे तोंड करूनच झोपते. आता कुठे जायचं? पोट तर बरोबरच येणार.

आजींना म्हटलं, शिकवा.

१८ डिसेंबर
आजी रोज येतात. चूल सारखी करायची, ओणवं कसं व्हायचं, श्वास खाली कसा सोडायचा. आज म्हणाल्या, आता ओरड. माझ्या तोंडून उंदरासारखी चूं निघाली.

"हे काय? माझी शेळी तुझ्यापेक्षा बरी ओरडते! तुला कुणी गप्प बसवलं होतं ना? त्या सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मग मी ओरडले. गळा सोलून निघेपर्यंत. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. मग मी हसले, आजीही हसल्या, आणि कळलं की चार वाजून गेलेत आणि आज रडणं आलंच नाही.

२२ डिसेंबर
परत आलं. थेट काचेपलीकडे. मी चादरीपाशी उभी राहून ऐकत होते, आणि एकदम लक्षात आलं.

माझा मुलगा रडलाच नव्हता.

टाच मी पाहिली होती. टाच माझ्या आठवणीत आहे, ती तिथून उचलली असेल. पण त्याचा आवाज माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. मग हा आणला कुठून?

चादर ओढून काढली. काच धुक्याने पांढरी. मी म्हटलं, "तू माझा नाहीस. माझा गप्प होता. त्याचं सोंग घेतलंस तर याद राख!"

रडणं मधेच तुटलं. तोडल्यासारखं.

पोटात जोरात लाथ बसली. शाबास, माझ्या राजा. किंवा राणी.

२ जानेवारी
आता ते रडत नाही. बोलतं. त्या डॉक्टरीणबाईंच्या आवाजात, चुलीच्या धुराड्यातून. ओरडू नकोस. ओरडू नकोस. सोंग टाकलं त्याने. भीतीच हवी होती त्याला, मुलाची असो की बाईची.

आत्ताही बोलतंय. तरी लिहितेय.

८ जानेवारी
ते आता घरात आहे. पलंगामागच्या भिंतीत. आज पलंग फिरवून घेतला. भिंतीकडे आता माझी पाठ.

९ जानेवारी, सकाळ
बर्फ. कंबरभर. आणि कळा. पाच दिवस आधी—

रुग्णवाहिका घाटात अडकली. कालोयान गाडी घेऊन तिला आणायला गेला. आजी आल्यात, बाह्या सरसावून.

साडेदहा
भिंत बोलतेय. आजींना ऐकू येतं, त्या मोठ्याने गातात, बेसूर—
हे दुखणं माझं आहे. त्याचं नाही. माझं—

अकरा
कोपर. पोटावर कोपर आहे, दिसत नाही, दाबतंय, तीच बरगडी— आजी म्हणतात वही टाक— ओणवी हो— ओरड पोरी—

ओरडते. ऐक. ऐका सगळ्यांनी—

९ जानेवारी, दुपार
मुलगी. बारा वाजून वीस मिनिटांनी. मी शुद्धीत होते. सगळं कळलं मला, सगळं. शेवटी ओरडले तेव्हा भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि पोटावरचं वजन उठलं. आजींच्याही हातातून कात्री पडली होती, पण आता त्या म्हणतात, थंडीने गेला तडा. म्हणू देत.

मग ती रडली. त्या रडण्यासारखं मुळीच नाही. खरखरीत, चिडकं, सगळ्यांना शिव्या दिल्यासारखं.

कालोयान रुग्णवाहिका घेऊन आलाय. डॉक्टर म्हणाले, दोघी ठीक आहेत. तो दारातच बसून रडतोय, त्याला आधी चहा दिला आजींनी.

तिचं नाव रादिना. आणि त्याचंही ठेवलं आज, तीन वर्षांनी. स्तोयान. कालोयानला विचारलं, तो हो, हो म्हणत राहिला.

चार वाजले. धुकं वर आलंय. काचेवर काहीतरी टकटक करतंय, हळू, चोचीने की नखाने. आजी म्हणतात, बाळंतपणाचे चाळीस दिवस येणार ते. येऊ दे. बसू दे तिथे गारठत. मला आता त्याच्याकडे बघायला फुरसत नाही, ही बघ कशी तोंड उघडून शोधतेय, थांब गं, थांब, पाजायला घेते, हो, हे बघ, हे—