सावडीवर दिलेली दौड

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आलो एकदाचा लोणी देवकरला! कोऱ्हाळ्यातून निघताना अब्बा उसात निघून गेले, अम्मीनं मात्र डब्यात महिनाभराची शेंगदाण्याची चटणी कोंबली. कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून घरात तोंडं फुगलेली. फुगू देत. मेहजबीनबद्दल एकजण वाकडं बोलला, मी त्याचे दोन दात पाडले. माफीनाम्यावर सही कर, असं कॉलेजवाले म्हणाले, केली नाही. पुन्हा वेळ आली तर तिसराही पाडीन.

काम डाळिंबाच्या खोक्यांच्या कारखान्यात, दिवसपाळी, रविवारपासून रुजू, सुट्टी गुरुवारची. खोली पत्र्याची पण झकास. तीन खाटा. एक माझी, एक झुंबरची. तो माझ्याच लाईनीवर आहे, तोंडाचा फाटका, मनानं सरळ. मला बघून म्हणाला की, एवढ्या गोऱ्या हातांचा गडी पुठ्ठा कापायला आलाय की मेंदी काढायला? तिसऱ्या खाटेवर कुणीतरी डोक्यावरून चादर ओढून झोपलेलं. रातपाळीवाला असणार. उठवलं नाही.

ही वही मेहजबीनमुळं. राग आला की बोलू नको, लिही, असं तीच म्हणायची.

शनिवार, १ नोव्हेंबर

जळोचीला मेहजबीनच्या घरच्यांनी तिचा फोन काढून घेतलाय. तरी आमचं बोलणं चालूच, कारण 'रणकोट' हा मोबाईलवरचा खेळ. तिचा भाऊ वाजिदभाई त्या खेळातल्या टोळीचा म्होरक्या, आणि टोळीत तिच्याइतकं तरबेज कुणी नाही. म्हणून टॅब तिच्या हाती देतो येडा. त्याच टोळीत मीही आहे, खोट्या नावानं.

दर रविवारी त्यात गुणांची दौड असते. सकाळी उघडते, दिवेलागणीला बंद. माझी रीत पक्की: आठवडाभर ऊर्जा साठवायची, जिंकलेली एकही पेटी फोडायची नाही, कारण रविवारी फोडली तरच गुण धरतात. आधी सोपी कामं उरकायची, मग दुप्पट गुणांची वेळ लागली की सगळ्या पेट्या एकदम. हावरट लोक शुक्रवारीच फोडून बसतात आणि रविवारी बोंबलतात.

दौडीत जो कमी पडेल त्याला वाजिदभाई टोळीतून हाकलतो. मला हाकललं की मेहजबीन गेली. एवढंच दार उघडं आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

फोन गेटवर जमा करायला लावतात! मला कुणी सांगितलंच नव्हतं. साठवलेलं सगळं फुकट. संध्याकाळी बघतो तर वाजिदभाईची धमकी: अजून एक रविवार असा गेला तर चालू पडायचं. मेहजबीननं निरोप टाकला होता, मुबीन, काहीतरी कर रे.

करणार. नोकरी सोडणार नाही आणि तिलाही नाही. पैसे साठले की तिला बोलवायचं ठरलंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

युक्ती सापडली! आमच्याकडं सावड असते. आज तुझ्या उसात मी, उद्या माझ्या उसात तू. पैसा नाही, कामाला काम. एकानं अर्ध्यात कोयता टाकला की सावड मोडली, दुसऱ्यानंही जिथल्या तिथं टाकायचा. सकाळी झुंबर नळावर गेलेला. तिसऱ्या खाटेपाशी वाकलो, म्हणालो, भावा, सावड घाल. माझी आजची दौड तू खेळ, तुझी एक पाळी मी काढतो. पेट्यांची रीतही सांगितली.

चादरीतून हात बाहेर आला, फोन घेऊन आत गेला. बोटं गार होती, पुठ्ठ्याच्या धुळीनं पांढरी.

संध्याकाळी फोन माझ्या उशीवर. टोळीत मी पहिला! वाजिदभाईनं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. कुणाची थोपटतोय ते कळलं असतं तर हात झडला असता त्याचा.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी फोन पुन्हा चादरीपाशी ठेवून गेलो होतो, आजही पहिला. त्याचे आभार मानावेत म्हणून चहा घेऊन खाटेपाशी गेलो. चादर सपाट. झुंबरला विचारलं, हा आपला रातपाळीवाला कुठं गेला?

झुंबर म्हणाला, कोण रातपाळीवाला? तितं कोण न्हाय, समर्थचं अंथरूण हाय ते. समर्थ कोपऱ्यातल्या पंचिंग मशीनवर होता, जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच मशीनमध्ये गेला. अर्धी पाळी राहिली त्याची. मशीन तेव्हापासून बंद. अंथरूण न्यायला घरचं कोणी आलं नाही, आणि उचलायची छाती कुणाची झाली नाही.

मी हसत सावडीचं सांगितलं. तो हसला नाही. काय कबूल केलंस मुबीन, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मग स्वतःची वळकटी उचलली आणि शेजारच्या खोलीत गेला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मी कुणाच्या बापाला भीत नाही. सकाळी ते अंथरूण गल्लीत नेऊन टाकलं, फोनचा पासवर्ड बदलला. कामावरून आलो तर अंथरूण खाटेवर. आत कुणीतरी कूस बदलली.

फोन आपोआप उघडला. अक्षरं उमटली: पाळी कधी?

मी बडवून लिहिलं, न्हाय काढत. माणूस समजून बोललो होतो मी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तो मेहजबीनशी बोलतोय. माझ्या नावानं.

निरोप वाचले. मी लिहिलेलेच नाहीत. ती म्हणते, किती शांत झालास रे मुबीन, आता आधीसारखा चिडत नाहीस. आवडतंय तिला! मी लिहिलं, तो मी नाही, ऐकू नको. पाठवलं की पुसलं जातं. पुन्हा. पुन्हा पुसलं.

झुंबर दारातनंच म्हणाला, फेड बाबा. सावड बुडवून कोण सुखी झालंय?

शनिवार, २२ नोव्हेंबर

ती येतेय. उद्या. इंदापूरला खालाकडं, तिच्या मावशीकडं, जाते म्हणून घर सोडणार, कायमचं. त्यानं बोलावलं. संध्याकाळी, इथल्या स्टँडवर.

दुसऱ्याच्या फोनवरून लावावा तर तिच्याकडं फोनच नाही—

ठीक. फेडतो. अर्धीच पाळी राहिलीय ना त्याची? जेवणानंतर उभा राहतो मशीनवर, सुटलो की थेट स्टँड. चादरीला तोंडावर सांगितलं: काम घे, पण तिचं नाव घ्यायचं नाही. आत कुणी हसल्यासारखं—

रविवार, २३ नोव्हेंबर

उभा राहिलो, वही मशीनच्या फळीवर ठेवून. बटण दाबलं नाही, मशीन आपोआप चालू.

सुपरवायझर आला. म्हणाला, समर्थ, जेवलास का रं? मी ओरडलो, मुबीन! मुबीन! तो मान डोलवून गेला.

झुंबर समोरून गेला. बघतच नाही.

पुठ्ठे संपत नाहीत. पाय हलत नाहीत. हातच तेवढे—

खिडकीतून गेट दिसतंय. झुंबर कुणाशी तरी बोलतोय. माझाच चेहरा, माझीच चाल. माझा फोन त्याच्या हातात. झुंबर त्याला म्हणतोय, मुबीन, आज लवकर?

मी त्याची पाळी, तो माझी. सावड. असा हिशेब होता तर.

स्टँडकडं निघाला.

न्हाय. ऐक समर्थ, मीही उसातलाच आहे. आमच्यात एकानं अर्ध्यात कोयता टाकला की दुसऱ्यालाही टाकावाच लागतो, जिथल्या तिथं. सावड मोडली. तूच तर अर्धी टाकली होतीस ना, इथंच, अशीच—

बंद करायचं बटण चालत नाही. ही एकाच गोष्टीनं थांबते, समर्थच्या वेळी थांबली तशी.

भीत नाही. मेहजबीन, तो समोर येईल तेव्हा नुसता उभ्या उभ्या विरेल. घरी जा. जो चिडायचा तोच खरा मी.

पेन उजव्या हातात. डावा आत घाल—