येऊ तर तिघंच

आई,
पाया पडतो, पण रागातच.

‘बाळाला संस्थेत ठेव आणि कॉलेज पुरं कर,’ हा बाबांचा निरोप मिळाला. जन्मतानाच मेंदूला इजा झाली, त्यात त्याचा काय गुन्हा?

वर्षाचा होत आला तरी मान धरत नाही, अंग ताठरतं, सगळं खरं. तुझी सून त्याला मांडीवर सरळ धरते, मी हनुवटीला आधार देऊन चमच्यानं भरवतो. तासभर लागतो. लागू दे! तेवढा वेळ तिच्याकडे बघायला मिळतं. त्याला ठसका लागला की आधी मीच रडायला लागतो. बाबांना सांगू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत?

ताईच्या लग्नाला येऊ, तर तिघं येऊ. पाहुण्यांनी विचारलं, तर बाबांनी मोठ्यानं सांगायचं, ‘हा माझा नातू.’ जमणार नसेल, तर आमची पानं मांडू नका.

तुझा लेक,
बाळाचा बाप